आधी पाणी मोज

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बोअरला पाणी लागलंय, सौर पंपाचे पैसे मंजूर झालेत, गावकरी म्हणतात शेतीलाही द्या, आणि तुमच्या मार्गदर्शकांना पावसाच्या आत उद्घाटन हवंय. तुझी टीम पाइपचा व्यास ठरवतेय. पण त्या बोअरमधून किती पाणी मिळतं, हे पत्रात कुठेच नाही.

आधी ते मोज.

खोदताना ठेकेदाराने सांगितलेला आकडा धरू नकोस; तो थोडा वेळ हवेच्या झोताने उडवलेल्या पाण्याचा असतो. उपसा चाचणी घे: किमान २४ तास एकाच दराने उपसा कर, बोअरमधली पाण्याची पातळी लिहीत राहा, पंप बंद केल्यावर ती किती वेळात पूर्ववत होते तेही लिही. पावसाच्या तोंडावरच पातळी सर्वांत खाली असते, म्हणजे दिवस हेच आहेत. उद्घाटनात ते घालवू नका.

आता शेतीचं. उभ्या पिकाला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, तर एका हेक्टरला ५०,००० लिटर लागतात. माणशी ५० लिटरने तेवढ्यात हजार माणसांचा दिवस निघतो. ठिबकने वाया जाणारं पाणी वाचतं, पिकाची तहान कमी होत नाही. हा हिशोब गावासमोर मांड. भांडतील, भांडू देत. निदान खऱ्या आकड्यावर भांडतील.

आणि पाणी नितळ दिसतं म्हणून तपासणी टाळायची? बांगलादेशात जंतूंपासून सुटका म्हणून गावोगावी कूपनलिका बसवल्या, पाण्यात आर्सेनिक हे विष आहे का, कुणी तपासलंच नाही. ते १९९३ मध्ये सापडलं, तोवर देशभर लोक तेच पाणी पीत होते. लिटरला १० मायक्रोग्रॅम आर्सेनिक, १.५ मिलिग्रॅम फ्लोराइड, या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा आहेत. क्लोरीन टाकून यातलं काहीच जात नाही. हेही मोज.

अशाच एका कामात उपसा चाचणीशिवाय आराखड्यावर सही करणार नाही म्हणून मी अडून बसलो होतो. हंगाम गेला, पैसे दुसरीकडे वळले, आणि बरोबरीचा एक मित्र पुन्हा माझ्याशी बोलला नाही. त्याची खंत आजही आहे. सही न केल्याची नाही. काहीच नसण्यापेक्षा थोडं पाणी बरं, असं मला तेव्हाही ऐकवलं गेलं. मला ते मान्य नाही. नळ आला की जुन्या विहिरीचा गाळ काढायला कुणी उतरत नाही. मग उन्हाळ्यात नळ आटला की लोकांनी जायचं कुठे? मी हा वाद आजही घालीन.

तारीख पुढे ढकला म्हणायची तुला भीती वाटते, हे कळतं. माझं नाव सांग, मी बोलतो तुमच्या मार्गदर्शकांशी. तू पातळी मोजायची टेप आणि वही घेऊन जा, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत दे. आकडे आले की पाठव. पाइपचा व्यास मग मिळून काढू, ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.