व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर? हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींचे प्रश्न

प्रश्न : 400 वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यायचा आहे. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज 195 वर येतं. काय घेऊ? (मानेवाडा)

ट्रान्झिस्टरच घ्या. मे महिन्यात वस्तीतले कूलर-एसी एकदम सुरू झाले की हाल होतात ते व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचे. 3-500झेड या व्हॉल्व्हच्या फिलामेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) 5 व्होल्ट हवेत, 4.75 ते 5.25 चालतात. 230 वर बेतलेला ट्रान्सफॉर्मर 195 ला जेमतेम सव्वाचार देतो आणि प्लेटचे (ॲनोडचे) 3000 व्होल्टही अडीच हजारांवर येतात. ट्रान्झिस्टर सेटची चांगली 50 व्होल्टची एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) एवढा चढउतार सहज झेलते. मात्र तिच्या डीसी वायरमधून 13-14 अँपिअर जातात. लग (वायरच्या टोकाची कडी) सैल राहिला तर तिथेच जळतं, तेव्हा तो नीट आवळा.

प्रश्न : जुना व्हॉल्व्हचा सेट मिळाला आहे. बंद केल्यावर किती वेळाने आत हात घालता येईल? (गिट्टीखदान)

घड्याळाच्या भरवशावर तर कधीच नाही. आपल्या छंदात जीव जाऊ शकतो तो इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा, 270 मायक्रोफॅरडचे आठ कपॅसिटर सिरीजमध्ये आहेत आणि प्रत्येकावर 100 किलोओहमचा ब्लीडर (सेट बंद झाल्यावर चार्ज उतरवणारा रेझिस्टर). 3000 व्होल्टला त्यांत सुमारे 150 ज्यूल ऊर्जा असते. सगळं ठणठणीत असेल तर सव्वादोन मिनिटांत 20 व्होल्ट उरतात. पण एक ब्लीडर तुटला तर तो एकटा कपॅसिटर चारशेच्या घरात भरलेला राहतो आणि 4000 व्होल्टच्या मीटरवर सुई जेमतेम हललेली दिसते. मी स्वतः असा सेट उघडला आहे. मीटर शून्याजवळ, पाच मिनिटं झालेली, तरी डिस्चार्जची काठी (इन्सुलेटेड दांड्याच्या टोकाला धातू आणि त्याला चेसिसला जोडायची वायर) टेकवताच फाट्कन ठिणगी उडाली. काठीऐवजी बोट असतं तर आज हे लिहायला मी नसतो.

म्हणून प्लग भिंतीतून काढून समोर दिसेल असा ठेवा. थांबा. डिस्चार्जच्या काठीची वायर आधी चेसिसला लावा, मग प्रत्येक कपॅसिटर वेगवेगळा, आधी रेझिस्टरमधून आणि नंतर थेट शॉर्ट करा. डावा हात खिशात. झाकणाचा इंटरलॉक (झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच) कुणी काढून टाकला असेल तर आधी तो बसवा. घरात एकटे असताना हे काम करूच नका.

प्रश्न : नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) डिजिटल मोडवर ट्रान्झिस्टरचा सेट मधेच बंद पडतो. (प्रतापनगर)

बिघाड नाही, हिशोब आहे. 60 टक्के एफिशियन्सीने 400 वॅट काढले की सुमारे 270 वॅट उष्णता हीटसिंकमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यात) जाते. तुमचा सिंक दर वॅटला 0.15 अंश तापत असेल तर खोलीच्या तापमानावर 40 अंश चढतात. जानेवारीत 20 चे 60 होतात, नवतपात 45 चे 85, आणि तापमानाचं प्रोटेक्शन सेट बंद करतं. ते बायपास करू नका. बोलण्यात मधे श्वास असतो, डिजिटलमध्ये कॅरिअर (पाठवायची रेडिओ लहर) सलग चालू राहतो. पॉवर निम्मी करा. कूलरचा झोत सेटवर मारू नका, त्यात ओल असते. आणि ड्राइव्ह (रेडिओतून ॲम्प्लिफायरला जाणारी पॉवर) जपून: शंभर वॅटचा रेडिओ चुकून पूर्ण पॉवरवर सुटला तर एलडीमॉसचं (ॲम्प्लिफायरमधल्या पॉवर ट्रान्झिस्टरचं) गेट डोळ्याची पापणी लवायच्या आत जातं. व्हॉल्व्ह असा धक्का बऱ्याचदा सोसतो, हा त्याचा मोठेपणा मान्यच.

प्रश्न : अर्थिंग पावसाळ्यात ठीक, उन्हाळ्यात शॉक लागतो. (वाडी)

काळी माती सुकून भेगाळली की इलेक्ट्रोडभोवती पोकळी पडते. खड्ड्यात रोज पाणी घाला आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. तोवर ॲम्प्लिफायर बंद. गच्चीवर मंडळी झोपत असतील तर डायपोलची (तारेच्या अँटेनाची) टोकं हात पोचणार नाही इतकी उंच बांधा. व्होल्टेज सगळ्यात जास्त टोकांनाच असतं.