फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीतली डेझी लोभी आहे की नुसती बेफिकीर?

माझ्या मते लोभी नाहीच. लोभी माणूस झुरतो, खोटं बोलतो, जिवावर उदार होतो. कादंबरीत हे सगळं तिचा जुना प्रियकर गॅट्सबी करतो. डेझीला पैशाचा लोभ धरावाच लागला नाही, तिच्या घरी पैसा नळाच्या पाण्यासारखा होता.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा प्रसंग पुन्हा वाचा. होणारा नवरा टॉमनं दिलेला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा सर कचऱ्याच्या टोपलीत पडलाय. डेझी दारू पिऊन रडतेय, मुठीत कुणाचं तरी पत्र. तिला गार पाण्यात बसवतात तेव्हाही ती पत्र सोडत नाही. ते भिजून विरघळायला लागतं तेव्हा कुठे साबणाच्या ताटलीत ठेवू देते. अर्ध्या तासात मोती गळ्यात, आणि दुसऱ्या दिवशी लग्न. तिचं रडणं खोटं नव्हतं. पण त्या रडण्यापायी तिला काही सोडून द्यावं लागलं नाही.

माझे वडील नेरुळला एका सोसायटीत वॉचमन होते. तिथल्या एका मॅडमनी गाडी मागे घेताना चाक त्यांच्या पायावरून नेलं. दोन बोटं मोडली. मॅडम खाली उतरल्या नाहीत, काच अर्धी करून "लागलं का हो?" एवढं विचारलं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या हाती पाकीट आलं, आत पाच हजार. बाई वाईट नव्हत्या, दर दिवाळीला आमच्याकडे त्यांचा फराळ यायचा. पण त्यानंतर गेटातून जाताना त्यांनी बाबांकडे कधी पाहिलं नाही. बाबा मात्र रोज उठून सलाम करायचे. ते आठवलं की मला अजून घशाशी येतं.

म्हणून अपघाताच्या रात्रीचं ते स्वयंपाकघर मला विसरता येत नाही. टॉमची प्रेयसी मर्टल गाडीखाली मेलीय. गाडी डेझी चालवत होती, आळ गॅट्सबी स्वतःवर घेणार आहे आणि तिच्या काळजीनं बाहेर अंधारात पहारा देत उभा आहे. आत टेबलावर थंड झालेलं तळलेलं चिकन, बिअरच्या दोन बाटल्या, आणि टॉमचा हात डेझीच्या हातावर. दोघांनी घासही घेतलेला नाही. आनंदात नाहीत, दुःखातही नाहीत. नामानिराळं कसं व्हायचं, एवढंच ठरत असावं.

टॉम तिला फसवत होता, १९२२ सालच्या त्या समाजात बाईला नवरा सोडणं सोपं नव्हतं, हे कुणी म्हटलं तर मला मान्य आहे. पण गाडी थांबवायला नवऱ्याची परवानगी लागत नव्हती.

पुढे मर्टलच्या नवऱ्याला ती गाडी कुणाची हे टॉम सांगतो, आणि तो जाऊन गॅट्सबीला गोळी घालतो. अंत्यविधीला डेझीकडून ना निरोप आला, ना एखादं फूल. कथा सांगणारा निक डेझीला फोन करतो, तोवर नवराबायको सामानसुमान घेऊन निघून गेलेली असतात. मागे पत्तासुद्धा ठेवलेला नसतो.