नोकरी, घर आणि आत्महत्येचे आकडे: वाचकांची प्रश्नोत्तरे

बेरोजगारी आणि आत्महत्या यांचा संबंध खरा आहे, पण तो तराजूच्या दोन पारड्यांइतका सरळ नाही, असे मागच्या वेळी लिहिले होते. त्यावर इंदूरच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतली चार इथे घेतो. नावे अर्थातच गाळली आहेत.

बेरोजगारी एका टक्क्याने वाढली तर आत्महत्या किती वाढतात, असा काही ठोस आकडा आहे का? (अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका, तिलक नगर)

युरोपचा आहे. 26 देशांची 1970 ते 2007 या काळातली आकडेवारी तपासून 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बेरोजगारीचा दर एका टक्क्याने चढला की 65 वर्षांखालच्या लोकांच्या आत्महत्या सरासरी 0.79 टक्क्याने वाढलेल्या दिसल्या.

पण बाई, त्याच अभ्यासकाळातला फिनलंड पाहा. 1990 ते 1993 या तीन वर्षांत तिथली बेरोजगारी 3.2 टक्क्यांवरून 16.6 टक्क्यांवर गेली आणि आत्महत्या मात्र घटल्या. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्येही तसेच झाले. तिथे काम गेलेल्या माणसाला भत्ता मिळत होता, नवे काम शिकवले जात होते, शोधूनही दिले जात होते. याउलट जपान. तिथे 1997 मध्ये सुमारे 24,000 आत्महत्या झाल्या होत्या. आर्थिक पडझडीनंतर 1998 मध्ये तो आकडा 32,000 च्या वर गेला. काम जाणे दोन्हीकडे होते. काम गेल्यावर माणसाला कोण धरते, यात फरक होता.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगा. 63 देशांचा एक अभ्यास 2015 मध्ये आला. त्यात आत्महत्यांचा दर बेरोजगारीच्या सुमारे सहा महिने आधीच वर सरकू लागलेला दिसला. छाटणीची यादी लागायच्या आधी, नुसत्या कुजबुजीच्या काळातच माणसे खचू लागतात.

सरकारी अहवालात तर 'बेरोजगारी' या कारणापुढे जेमतेम दोन टक्के दिसतात. मग एवढा गाजावाजा का? शिवाय बिहारमध्ये बेकारी असूनही आत्महत्या सर्वांत कमी आणि शिकलेल्या केरळात एवढ्या जास्त, हे कसे? (निवृत्त बँक अधिकारी, रामबाग)

तुम्ही अहवाल नीट वाचला आहे, म्हणून त्याचेच दुसरे पान दाखवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या आहेत. 'कारण' या रकान्यात बेरोजगारी दोन टक्क्यांच्या आसपास आहे, हे खरे. पण 'व्यवसाय' या रकान्यात बेरोजगार 9.2 टक्के आहेत. 'कारण' हे पंचनाम्याच्या वेळी एका रकान्यात बसवलेले असते. नोकरी गेली, हप्ते थकले, घरात रोज भांडण होऊ लागले, दारू वाढली. यातले काय लिहायचे? बहुतेकदा 'कौटुंबिक कलह' लिहिले जाते.

त्याच तक्त्यात रोजंदारीवर जगणारे 26.4 टक्के आहेत, ही मला जास्त अस्वस्थ करणारी ओळ वाटते. किती जणांना काम आहे हे मोजणाऱ्या आपल्याकडच्या सरकारी श्रमबल पाहणीत, चालू आठवड्याच्या हिशेबाने, आठवड्यातून एक तासभर काम मिळाले तरी माणूस कामावर धरला जातो. चौकात सकाळी उभा राहून चार दिवस रिकाम्या हाताने परतलेला, पण एखाद्या दिवशी काम मिळालेला मजूर त्या हिशेबात बेरोजगार नसतो. ज्याला घरचे पोसू शकतात, तोच बेरोजगार राहू शकतो.

बिहारचा दर 2022 मध्ये लाखामागे 0.6 होता, केरळचा 28.5. एवढी तफावत नुसत्या जगण्यातली असेल, असे मी मानत नाही. नोंद कशी होते याचाही त्यात मोठा वाटा असणार. 2010 साली पोलीस नोंदीत सुमारे 1,34,600 आत्महत्या होत्या, तर घरोघरी जाऊन केलेल्या मृत्यूंच्या पाहणीवरून त्याच वर्षाचा अंदाज 1,87,000 निघाला. म्हणून दोन राज्ये शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये. आणि प्रदेशाचा दर हा प्रदेशाचा असतो. त्यावरून आपल्या गल्लीतल्या अमक्याचे काय होईल, हे कळत नाही.

माझे वडील हुकुमचंद कापड मिलमध्ये साच्यावर होते. मिल बंद झाली तेव्हा मी नववीत होतो. वडिलांनी काही करून घेतले नाही, पण ते घरात असून नसल्यासारखे झाले. काही सोबत्यांनी मात्र जीव दिला, असे आम्ही ऐकत आलो. पैसे गेले म्हणूनच हे झाले का? (परदेशीपुरा)

पैसे होतेच. 12 डिसेंबर 1991 ला मिल बंद झाली, सुमारे 5,900 कामगार रस्त्यावर आले, आणि थकलेल्या देण्याचे 224 कोटी मिळायला 25 डिसेंबर 2023 उजाडला. बत्तीस वर्षे. तोवर कितीतरी जण गेले होते.

पण तुम्ही 'असून नसल्यासारखे' लिहिलेत, तिथे मी थांबलो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे असेच गिरणीचे गाव होते. 1930 च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा व त्यांचे सहकारी तिथे अभ्यासाला गेले. वेळच वेळ असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे निम्म्यावर आले होते. पुरुष रस्त्याने सावकाश चालत, वाटेत उगाच थांबत. अनेकांनी जवळ घड्याळ बाळगणे सोडले होते. बायकांना मात्र घरकाम होतेच, त्यांचा दिवस मोडला नव्हता. भोंगा गेला की पगाराबरोबर पाळी जाते, सोबती जातात, 'मी अमक्या खात्यात' हे सांगणे जाते.

म्हणूनच हुकुमचंदचे कामगार वर्षानुवर्षे दर रविवारी मिलवर जमत राहिले, ही मला थकलेल्या देण्याबाबतच्या कोर्टाच्या निकालाइतकीच मोठी गोष्ट वाटते. आठवड्याला एक तरी वेळ ठरलेली होती आणि वाट पाहणारी माणसे होती. वडील त्या बैठकींना जात असत का, हे आईला विचारून पाहा.

मुलगा 27 वर्षांचा आहे. पाच वर्षे पीएससीची तयारी करतोय. आता भंवरकुआंची खोली सोडून घरी आलाय. जेवायला बाहेर येत नाही, रात्रभर जागतो. परवा म्हणाला, "माझा तुम्हाला नुसता बोजा आहे." विचारायची भीती वाटते, विचारले तर नको ते डोक्यात येईल. निकाल लागेपर्यंत थांबू का? (एक आई, सुदामा नगर)

ताई, विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. हे अनेक अभ्यासांत तपासले गेले आहे. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले म्हणून मोकळे वाटते. 'बोजा' हा शब्द मी कधीच हलका घेत नाही. एकांतात, शांतपणे, सरळ विचारा: "जगू नये, असं वाटतं का तुला?" उत्तर ऐका. "तुला काय कमी आहे" किंवा "शेजारचा बघ" हे त्या वेळी अजिबात नको.

'हो' म्हणाला, किंवा गप्प राहिला आणि तुमचे मन धास्तावले, तर त्याला एकटे सोडू नका. 14416 वर टेली मानस ही सरकारी सेवा चोवीस तास, फुकट आहे, मराठीतही बोलता येते. फोन तुम्हीसुद्धा करू शकता. बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. तो काही करून घेईल, असे त्याच घडीला वाटले तर थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. पोलिसांचा धाक मनात ठेवू नका: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखालचा मानले आहे, आणि तो प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुने कलम 309 नव्या न्याय संहितेत आलेलेच नाही.

परीक्षा सोडायची की नाही, हा प्रश्न महिनाभराने घ्या. तोवर त्याच्या वडिलांना सांगा की रोज सकाळी त्याला घेऊन पोहे आणायला चालत जायचे, आणि रस्त्यात अभ्यासाचा विषय काढायचा नाही. निकालाची वाट मात्र पाहू नका. आज संध्याकाळीच त्याच्या खोलीत जाऊन बसा.