मज्जातंतू, चेतातंतू आणि पेशीचं ‘आवरण’

गोव्यात डिचोलीकडच्या एका वाचनालयात विज्ञान दिनासाठी, म्हणजे २८ फेब्रुवारीसाठी, शाळेतली मुलं मराठीतून तक्ते करताहेत. त्यांच्या शिक्षिकेने प्रश्न पाठवला आहे. तक्त्यावरचं मूळ वाक्य असं: ‘मज्जातंतूच्या आवरणातून विद्युतप्रवाह वाहतो आणि संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो.’ एका पालकाने ‘मज्जातंतू’ खोडून ‘चेतातंतू’ केलं. दुसऱ्याने ‘आवरण’ काढून ‘पडदा’ लिहिलं. एका मुलाच्या आजोबांचं म्हणणं, एवढी कसरत कशाला, सरळ ‘शीर’ म्हणा. बाई विचारतात, यातलं बरोबर कोणतं?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ‘चेतातंतू’ आणि ‘पटल’. पण या वाक्यातला सर्वांत अडचणीचा शब्द ‘वाहतो’ हा आहे आणि त्याला कोणीच हात लावलेला नाही. तिथे शेवटी येतो.

आजोबांपासून सुरुवात करू. ‘शीर’ आणि ‘नस’ हे घरातले शब्द, पण दोन्ही शब्द दोन-दोन घरचे पाहुणे आहेत. ‘दंतवैद्याने दाताची नस काढली’ म्हणतो तेव्हा ती खरोखर नर्व्ह असते. ‘हाताची नस कापली’ म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी. ‘मानेची शीर आखडली’ म्हणतो तेव्हा बहुधा ती यातली कोणतीच नसते, स्नायू असतो. बोलण्यात कोणाचंच अडत नाही. तक्त्यावर मात्र अडेल, कारण शेजारच्याच तक्त्यावर कोणीतरी रक्ताभिसरण काढलेलं असणार.

हा गोंधळ आपल्याच अडाणीपणातून आला असं कोणी मानू नये. ग्रीकमध्ये ‘न्यूरॉन’ आणि लॅटिनमध्ये ‘नेर्वुस’ यांचा जुना अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी असाच होता. आपला ‘स्नायू’ हा शब्दही त्यांच्याच कुळातला, दूरचा भाऊ. सुश्रुताने शरीरात ९०० स्नायू, ५०० पेशी आणि ७०० सिरा मोजल्या आहेत. तिथे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर आणि पेशी म्हणजे मांसाचे गोळे. पुढे बंगालीने ‘स्नायु’ नर्व्हला दिला, मराठीने मसलला. ‘पेशी’ हिंदीत मसलपाशीच राहिली, मराठीत ती सेल झाली. आमच्याकडची मुलं प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोंकणीतून शिकतात, पुढे बहुतेकांचं विज्ञान इंग्रजीतून होतं आणि मोबाइलवर तेच हिंदीतून बघतात. ‘पेशी’ म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात काय उभं राहत असेल, हे एकदा विचारून बघा. तक्त्याच्या कोपऱ्यात ‘पेशी म्हणजे सेल’ एवढं लिहायला काहीच हरकत नाही.

आता मज्जातंतू. मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ गर. कण्याच्या पोकळीतही तसाच मऊ पदार्थ दिसतो म्हणून तो ‘मज्जारज्जू’ आणि त्यातून निघणारे धागे ‘मज्जातंतू’, अशी ही साखळी असावी. युरोपीय लोकही त्याच वाटेने गेले. १८५४ साली रुडॉल्फ विर्खोने चेतातंतूंवरच्या स्निग्ध वेष्टणाला ‘मायेलिन’ हे नाव दिलं, ते ग्रीकमधल्या मज्जेवरूनच. म्हणजे ज्या तंतूवर मायेलिन आहे त्याला मज्जातंतू म्हणणं योगायोगाने बरोबर ठरतं! पण सगळ्याच तंतूंवर मायेलिन नसतं. आपल्या शरीरात ठसठस, जळजळ अशा मंद वेदना नेणारे बारीक तंतू उघडेच असतात. आणि ज्या तंतूमुळे हे सगळं शास्त्र उभं राहिलं, त्याच्यावर तर मायेलिनचा लवलेश नाही.

तो तंतू माणकीचा. घाटावरच्या आणि मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, माणकी म्हणजे माकूळ, स्क्विड. मडगाव-म्हापशाच्या बाजारात माणक्या घेताना भाव विचारतात, तंतूची चौकशी कोणी करत नाही. पण धोका दिसताच पाण्याचा झोत सोडून मागे उसळी मारायला माणकीच्या अंगाची अख्खी पिशवी एकाच क्षणी आवळली जावी लागते. हा हुकूम झटपट पोहोचवण्यासाठी तिच्याजवळ अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा संदेश नेणारा लांब धागा, असतो. आपल्या शरीरातले जाडजूड तंतूही मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपासचे. १९३६ साली जॉन यंगने या महातंतूकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं. तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये प्लिमथच्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्याच्या आत विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) सरकवून संदेश जात असतानाचं विभवांतर, म्हणजे आतल्या-बाहेरच्या विद्युतदाबातला फरक, मोजलं. मध्ये महायुद्ध आलं. १९५२ साली त्यांनी या संदेशाचं पूर्ण गणित मांडलं आणि १९६३ चं नोबेल त्यांना जॉन एक्लिस यांच्याबरोबर विभागून मिळालं. प्लिमथची माणकी आणि आपल्याकडची माणकी एकाच कुटुंबातल्या. तिच्या या उघड्या तंतूला ‘मज्जातंतू’ म्हणायला माझी लेखणी धजत नाही.

‘चेतातंतू’ला ही अडचण नाही. ‘चेता’ चित् धातूशी नातं सांगते, जाणीव. पण मराठी कानाला आणखी एक अर्थ ऐकू येतो, ‘चेतणे’ म्हणजे पेट घेणे. चूल चेतवतात तो. तंतूतला संदेश खरोखरच या जातीचा आहे. ठिणगी अपुरी असेल तर काहीच होत नाही. पुरेशी झाली की संदेश पूर्ण ताकदीने उठतो, अर्धामुर्धा कधीच नाही. जुन्या विश्वकोशाने ‘तंत्रिका’ हा शब्द पत्करला होता. वाईट नाही, पण मराठीत तो रुळला नाही. पाठ्यपुस्तकांनी ‘चेता’ची निवड केली ती मला शहाणपणाची वाटते. ‘मज्जासंस्था’ मात्र दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि वर्तमानपत्रांत इतकी पक्की बसली आहे की ती चूक म्हणून कोणाला टोकू नये.

आता पेशीच्या मेम्ब्रेनसाठीचे शब्द: पटल, पडदा, आवरण, पापुद्रा, शिवाय हिंदीतली झिल्ली. आणखी एक विसरलेला शब्द आहे, ‘कला’. सुश्रुत सात कला सांगतो आणि त्यांची व्याख्या करतो ‘धात्वाशयान्तरमर्यादा’, म्हणजे धातू (रक्त, मांस असे शरीरघटक) आणि आशय (ते राहतात त्या पोकळ्या) यांच्यामधली सीमा. मेम्ब्रेनसाठी यापेक्षा नेमका शब्द शोधून सापडणार नाही. ‘श्लेष्मकला’ अजून जुन्या वैद्यकीय पुस्तकांत भेटते. पण ‘पेशीकला’ लिहिलंत तर मुलं चित्रकलेच्या दालनात शोधत बसतील. ‘पापुद्रा’ मला फार आवडतो, तरी इथे तो फसवतो. सूक्ष्मदर्शकाखाली मुलं कांद्याचा पापुद्रा बघतात तो अख्ख्या पेशींचा एक थर असतो, आणि प्रत्येक पेशीला स्वतःचं वेगळं पटल असतं. ‘पडदा’ चालेल, कानाचा पडदा आपण म्हणतोच. पण पडदा टांगलेला असतो, त्याला काही कामधंदा नसतो.

‘आवरण’ मात्र नको. एक कारण व्यवहाराचं: तंतूवर मायेलिनचं वेष्टण असतं, त्याला ‘आवरण’ राखून ठेवलेलं बरं. दुसरं कारण मुळातलं. आवरण म्हटलं की खरी वस्तू आत आहे आणि हे वरून घातलेलं काहीतरी आहे असा अर्थ निघतो. चेतातंतूच्या बाबतीत हे उलटं आहे. १९६१ च्या सुमारास प्लिमथलाच पीटर बेकर, हॉजकिन आणि ट्रेव्हर शॉ यांनी माणकीच्या महातंतूतला जवळजवळ सगळा गर दाबून बाहेर काढला आणि आत पोटॅशियमच्या क्षाराचं साधं द्रावण भरलं. रिकाम्या केलेल्या त्या नळीतून संदेश पूर्वीसारखेच जात राहिले. गर गेला तरी काम चालू, कारण काम पटलाचंच होतं.

हे पटल म्हणजे मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद पाण्यावर पसरून त्याचं क्षेत्रफळ मोजलं, ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, त्यावरून ही कल्पना आली. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी दाखवून दिलं की हा थर प्रवाही असतो आणि त्यात प्रथिनं तरंगत असतात. मेदाच्या थराची जाडी साधारण ५ नॅनोमीटर. तंतू स्वस्थ असताना आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. आकडा क्षुल्लक दिसतो, पण इतक्या पातळ थरावर तो पडतो तेव्हा हिशेब सेंटिमीटरला १,४०,००० व्होल्टवर जातो. हवेत ठिणगी पडायला सेंटिमीटरला ३०,००० व्होल्ट पुरतात! एवढा ताण सोसत उभं राहणाऱ्याला आवरण कसं म्हणायचं?

गोव्यातल्या मुलांना हे सांगायचं तर खाजनाकडे बोट दाखवा. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत राखायला बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याच्याच दाबाने मिटणारी नि उघडणारी लाकडी दारं. भरतीला बाहेरचं पाणी चढलं की ती स्वतःच मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. कोणी उघडायला जात नाही. चेतातंतूच्या बाहेर सोडियम जास्त, म्हणजे तिथेही बाहेर खारंच. पटलातल्या प्रथिनांची दारं पटलावरचं विभवांतर बदललं की त्याच बदलाने उघडतात. सोडियम आत घुसतो, त्यामुळे शेजारचं विभवांतर बदलतं, त्यामुळे शेजारची दारं उघडतात. मागची दारं तोवर मिटलेली असतात आणि काही क्षण पुन्हा उघडत नाहीत, म्हणून संदेश मागे फिरत नाही. मग पोटॅशियमची दारं उघडून पोटॅशियम बाहेर जातो आणि तो भाग पूर्वस्थितीला येतो. एका जागी हे सारं एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतं.

उपमा इथपर्यंतच ताणा. मानशीतून पाण्याबरोबर मासे, सुंगटं (कोळंबी), पालापाचोळा सगळंच जातं. पटलातली दारं भलतीच चोखंदळ. पोटॅशियमच्या मार्गिकेतून, म्हणजे त्याच्या दारातून (चॅनल), सोडियम सहसा जाऊ शकत नाही, तो आकाराने लहान असूनही. लहान असून अडतो कसा, हे कोडं १९९८ साली रॉडरिक मॅकिनन यांनी त्या प्रथिनाची रचनाच उलगडून सोडवलं. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूभोवती, पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. मार्गिकेतले ऑक्सिजनचे अणू नेमके अशा अंतरावर बसलेले असतात की पोटॅशियमला ते सोडलेल्या पाण्याची भरपाई करून देतात. सोडियमला त्या अंतरावरून आधार मिळत नाही, म्हणून तो पाणी सोडायलाच तयार नसतो. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये मॅकिनन यांचा वाटा होता.

बाहेर आधीच जास्त असताना आत आलेला सोडियम बाहेर टाकायची खाजनात काही सोय नाही, पेशीत आहे. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ साली तो पंप शोधला, आणि तोही कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, पायातल्या चेतातंतूंतून. माणकी झाली, कुर्ली झाली, शास्त्राचा अर्धा इतिहास आपल्या मासळीबाजारात मावतो. हा पंप एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत घेतो. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा तो २० टक्क्यांच्या आसपास खातो, त्यातला मोठा वाटा या पंपांचा.

‘वाहतो’ का नको, ते आता दिसेल. तारेतून वीज जाते तेव्हा विद्युतभार तारेच्या लांबीने सरकतात. इथे आयनांची मुख्य ये-जा आडवी आहे, पटलाच्या आरपार. लांबीने पुढे जाते ती या घटनेची लाट. म्हणून ती वेगाने तारेतल्या विजेच्या पासंगालाही पुरत नाही. उघड्या बारीक तंतूंत तिचा वेग सेकंदाला एखाद-दोन मीटर, मायेलिन असलेल्या जाड तंतूंत १०० मीटरच्या पुढे. या लाटेला पाठ्यपुस्तकांतला ‘आवेग’ शोभतो, आणि आवेग वाहत नाही, तो धावतो किंवा सरकतो. विभक्तीही बदला: ‘आवरणातून’ नव्हे, ‘पटलावरून’.

बाईंनी तक्त्यावर असं लिहावं: ‘चेतातंतूच्या पटलावरून आवेग धावत जातो आणि संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो.’ खाली जागा असेल तर ‘पटलातली प्रथिनांची दारं क्रमाने उघडतात, म्हणून’ एवढं जोडावं. ‘चॅनल’ला ‘वाहिनी’ म्हणू नये, रक्तवाहिनी आणि दूरदर्शन दोघेही हक्क सांगत येतील. ‘मार्गिका’ चालेल.

त्यांनी जाता जाता ‘सिनॅप्स’चंही, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जातो त्या जागेचंही, विचारलं आहे. ‘संपर्कस्थान’ हा शब्द वापरतात खरा, पण तिथे बहुतेक वेळा संपर्क होतच नाही. दोन पेशींमध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते आणि ती ओलांडायला विजेऐवजी रसायन लागतं. १९२१ साली ओटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घालून त्याचे ठोके मंद करून दाखवले, ते याच रसायनाच्या जोरावर. चांगला मराठी शब्द मिळेपर्यंत तक्त्यावर सिनॅप्सच राहू द्या.