वीटभट्टीवरच्या गाढवांच्या पाठी सोलल्या आहेत, मालक डॉक्टर बोलवत नाही. काय करता येईल?

गावाबाहेरच्या भट्टीवर गाढवांच्या पाठीला जखमा दिसतात आणि मालक नुसती हळद लावून कामाला जुंपतो, असं तुम्ही लिहिलंय. मी पशुवैद्यक आहे, भट्ट्यांवर माझं जाणं असतं, म्हणून सांगतो.

मलमाच्या आधी पाठीवरचं गोणपाट बघा. घाम आणि माती मुरून ते वाळलं की कानशीसारखं घासतं. त्याच्याखाली कितीही औषध लावा, जखम भरणार नाही. पेंढा भरलेल्या दोन जाड गाद्या कण्याच्या दोन्ही अंगांना बसवायच्या, मधे कण्यावर जागा मोकळी ठेवायची. गोणपाट धुऊन उन्हात वाळवायचं. शेपटीखालची दोरी आणि पायबंदाची जागाही बघा, तिथल्या जखमा कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

ओझ्याबद्दल 1965 चे केंद्राचे नियम आहेत: गाढवावर 50 किलोपर्यंतच. कच्ची वीट तीन किलोची धरली तरी सोळा विटा झाल्या. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे रोजच. गाढव तहान सोसतं, तोंडावर दाखवत नाही, म्हणून त्याला पाणी लागत नाही असा समज आहे. सावलीत स्वच्छ पाणी ठेवायलाच हवं.

जखम उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा, वर पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा. जळकं ऑइल नको, डाग देणं तर नकोच. किडे पडले असतील तर डॉक्टरच हवा. धनुर्वाताची लस मात्र आधीच द्यायला हवी. घोडा-गाढवांना हा रोग फार लवकर धरतो. कान-शेपटी ताठ झाली आणि डोळ्यावर आतली पापणी सरकू लागली की बऱ्याचदा हातातून गेलेलं असतं.

गाढव दुखणं लपवतं. त्यामुळे त्याने चारा सोडला तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी वाढते, यकृत निकामी होतं आणि काही दिवसांत ते दगावतं.

आता मालकाचं. त्याला रागावू नका. त्याने बहुधा भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते, मजुरी हजार विटांवर मिळते, म्हणजे गाढव बसलं की चूल अडते. बोलायचंच तर भट्टीवाल्याशी बोला: जखमी जनावर पाठ भरेपर्यंत बाजूला राहील आणि उचलीवर त्याचा भार पडणार नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. हे एकदा ठरलं की डॉक्टरला बोलवायला मालक स्वतःहून तयार होतो, हा माझा अनुभव आहे.

नाकातून पिवळट चिकट स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर जनावराला हात लावू नका, मुलांना लांब ठेवा. तो ग्लँडर्स असू शकतो, माणसालाही होतो आणि सरकारी दवाखान्याला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. एरवी 1962 हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री क्रमांक लावा. फोनवर जनावरांची संख्या, जखमेची जागा आणि चारा खातात की नाही, हे सांगा.