विजेसाठी अणुभट्टी उभारणारा देश पुढे अणुबॉम्बही बनवू शकतो का?

तुमचा प्रश्न असा की, एखाद्या देशाने निव्वळ विजेसाठी अणुभट्टी बांधली तर तिच्या आडून तो बॉम्ब बनवू शकतो का, आणि तसं असेल तर अणुवीज मुळातच नको का. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. मी त्यांना सांगतो, भट्टीकडे नंतर बघा. आधी इंधन कुठून येतं आणि वापरून झाल्यावर कुठे जातं, ते बघा.

इंधनापासून सुरू करू. खाणीतल्या युरेनियमच्या हजार अणूंमध्ये कामाचे, म्हणजे युरेनियम-२३५चे, जेमतेम ७ असतात. नेहमीच्या वीजभट्टीला हे प्रमाण ३ ते ५ टक्के लागतं आणि बॉम्बला साधारण ९०. कुठे ४ आणि कुठे ९०, असं वाटतं ना? आता हिशेब करा. ते ७ अणू तसेच ठेवून बाकीचे काढत जायचे असं धरू (प्रत्यक्षात ७ मधलेही काही वाया जातात, ते सोडून देऊ). ४ टक्क्यांवर यायला हजारातले ८२५ अणू काढावे लागतात, १७५ उरतात. २० टक्क्यांसाठी आणखी १४० काढायचे, उरतात ३५. तिथून ९० टक्क्यांपर्यंत जायला फक्त २७! म्हणजे वीजभट्टीचं इंधन तयार होईस्तोवर बरेचसे कष्ट उरकलेले असतात. यंत्रही तेच, सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियमचा वायू गरागरा फिरवून नको असलेले जड अणू वेगळे करणारं. नळ्यांची जोडणी बदलायची, नाहीतर तोच वायू पुन्हा फिरवायचा.

इराणवरून इतका गदारोळ का, ते यातून कळतं. इराणने अमेरिका आणि इतर बड्या देशांशी २०१५ मध्ये केलेल्या करारात ३.६७ टक्क्यांची मर्यादा होती. २०१८ साली अमेरिका करारातून बाहेर पडली आणि २०२१ मध्ये इराणने ६० टक्क्यांपर्यंत मजल मारली. आपल्या हिशेबात ६० टक्के म्हणजे १२ अणू उरले, त्यातले ४ काढायचे बाकी. गंमत अशी की इराणच्या बुशेहर वीजकेंद्रावरून फारसं कुणी भांडत नाही. तिथलं इंधन रशिया पुरवतो आणि वापरलेलं परत नेण्याची बोलीही झालेली आहे. भांडण पेटलं ते नातान्झ इथल्या, युरेनियम-२३५चं प्रमाण वाढवणाऱ्या सेंट्रिफ्यूजवरून.

आता वापरून झालेल्या इंधनाकडे येऊ. भट्टीत युरेनियम-२३८, म्हणजे ते बाकीचे जड अणू, न्यूट्रॉन गिळतं आणि त्याचं पुढे प्लुटोनियम होतं. १००० मेगावॅटच्या भट्टीत वर्षाला साधारण २०० किलोच्या वर प्लुटोनियम तयार होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था एका बॉम्बसाठी ८ किलो पुरे असं धरून पहारा ठेवते. पण हे प्लुटोनियम प्रचंड किरणोत्सारी कचऱ्यात मिसळलेलं असतं. ते वेगळं काढायला पुनर्प्रक्रियेचा कारखाना लागतो, आणि जाड भिंतींआडून, दुरून चालवायच्या यंत्रांनीच ते काम करावं लागतं. शिवाय इंधन भट्टीत दोन-चार वर्षं राहिलं की त्यात प्लुटोनियम-२४० हा प्लुटोनियमचाच एक प्रकार वाढतो. तो आपणहून फुटून न्यूट्रॉन सोडत राहतो, त्यामुळे स्फोट वेळेआधी सुरू होऊन फुसका ठरण्याची भीती असते. ‘म्हणून वीजभट्टीचं प्लुटोनियम निरुपयोगी’ असं बरेच जण ठोकून देतात, ते मला पटत नाही. अशा प्रकारचं प्लुटोनियम वापरून अमेरिकेने १९६२ मध्ये चाचणी स्फोट केला होता.

तरीही बॉम्ब हवा असलेल्याला हा मार्ग अडचणीचाच. चांगलं प्लुटोनियम हवं तर इंधन लवकर बाहेर काढावं लागतं. नेहमीच्या वीजभट्टीत त्यासाठी भट्टी थंड करून झाकण उघडावं लागतं, आणि ते लपत नाही. (जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजनपासून बनलेलं पाणी, वापरणाऱ्या भट्ट्यांमध्ये चालू असतानाच इंधन बदलता येतं, म्हणून तिथे जास्त डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.) त्यामुळे अनेकांनी छोट्या भट्ट्यांची वाट धरली. कॅनडाने दिलेली, अमेरिकेच्या जड पाण्यावर सुरू झालेली भारताची सायरस ही संशोधनभट्टी होती, तिच्यातून वीज कधी निघालीच नाही. १९७४च्या पोखरण चाचणीचं प्लुटोनियम मात्र तिच्यातलं. असं पुन्हा होऊ नये म्हणून त्यानंतरच अणुसामग्री पुरवठादार देशांचा गट उभा राहिला. ज्याच्याकडे बॉम्ब आहेत असं मानलं जातं त्या इस्रायलकडे तर आजही वीज देणारी एकही अणुभट्टी नाही.

माणसांच्या डोक्यातलं ज्ञान मात्र कुठल्याच कुंपणात अडत नाही. पाकिस्तानी धातुतज्ज्ञ अब्दुल कादीर खान नेदरलँड्समध्ये ज्या सेंट्रिफ्यूजवर काम करत होते, त्या वीजभट्ट्यांचं इंधन बनवण्यासाठीच होत्या. १९७५च्या अखेरीस ते पाकिस्तानात परतले आणि तिकडचे आराखडे तिकडेच राहिले नाहीत.

म्हणून अणुवीज नकोच, असं मी म्हणणार नाही. संयुक्त अरब अमिरातीने २००९ मध्ये अमेरिकेशी करार करताना समृद्धीकरण (युरेनियम-२३५चं प्रमाण वाढवणं) आणि पुनर्प्रक्रिया दोन्हींवर पाणी सोडलं. इंधन विकत घ्यायचं, वीज बनवायची, बस्स. असा देश मला काळजीचा वाटत नाही. उलट जपानकडे दोन्ही तंत्रं आहेत, स्वतःच्या मालकीचं कित्येक टन प्लुटोनियम आहे आणि तरी बॉम्ब नाही. तिथे सगळं इराद्यावर येऊन थांबतं, आणि इरादा काही मोजमापाच्या यंत्रात दिसत नाही.

मला खरी खोट दिसते ती अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या दहाव्या कलमात. तीन महिन्यांची नोटीस देऊन कुठलाही देश त्यातून बाहेर पडू शकतो. करारात राहून सगळी यंत्रणा उजळ माथ्याने उभारायची आणि मग निघून जायचं, याला ते कलम पुरेसं आड येत नाही. उत्तर कोरिया १९८५ मध्ये करारात आला, २००३ मध्ये बाहेर पडत असल्याचं त्याने जाहीर केलं आणि ऑक्टोबर २००६ मध्ये पहिला स्फोट केला.