घरात सगळे असताना मुलगा परदेशी का निघतो?

‘घरात काही कमी नाही, तरी मुलगा परदेशी जायचे म्हणतो, आमचे काय चुकले?’ असे विचारणारे आईवडील सोलापुरात वरचेवर भेटतात. पूर्व भागातील एका यंत्रमागधारक कुटुंबाची हकीकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे देते.

मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, चिंचोळी एमआयडीसीत कंत्राटी नोकरीत. मित्रांमुळे त्याला दुबईच्या पैशाची भुरळ पडली, असे वडिलांचे ठाम मत होते. त्याच्याशी एकट्याशी बोलताना मी तिकडे काय मिळेल आणि इथे काय नकोसे झाले, हे दोन प्रश्न मुद्दाम वेगळे विचारले. पहिल्याचे उत्तर तोंडावर होते, पगाराच्या आकड्यासह. दुसऱ्याचे अडखळत आले: कंत्राट पुन्हा मिळेल की नाही याचा घोर, सुताचे भाव चढले की बंद पडणारे घरचे माग, आणि स्थळ पाहायला आलेल्यांचा ठरलेला प्रश्न, ‘पुण्यात नाही का नोकरी?’ हे शेवटचे त्याने घरी कधी बोलून दाखवले नव्हते.

समाजशास्त्रज्ञ एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये स्थलांतराची मांडणी करताना ढकलणाऱ्या आणि ओढणाऱ्या कारणांबरोबर वाटेतले अडथळेही धरले होते, आणि पालकांच्या नजरेतून नेमके तेच सुटतात. व्हिसा-तिकिटाचे पैसे, हातातले कसब आणि तिकडे ओळखीचे कोणी असल्याशिवाय निघणे अवघड. त्यामुळे अगदी हलाखीतल्या घरातली मुले माझ्याकडे हा विषय घेऊन सहसा येत नाहीत. मुलाला निघता येते आहे ते बरेचसे तुम्ही शिकवल्यामुळेच, असे मी वडिलांना सांगितले. त्यांचे आजोबा तेलंगणातून इथल्या गिरणीत आले होते, याची आठवण करून दिली, तर ते म्हणाले, “मॅडम, ते पोटासाठी आले.” उत्तर चूक नव्हते, परंतु पोट भरल्यावरही स्थैर्याची आणि मानाची भूक राहते, हे मुलाचे म्हणणे त्यांनी त्या दिवशी प्रथमच पूर्ण ऐकून घेतले.

एजंटाने दीड लाख मागितले होते. १९८३ च्या उत्प्रवास (एमिग्रेशन) कायद्यानुसार अशा एजंटाकडे केंद्र सरकारची नोंदणी लागते आणि सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे, हे कळल्यावर मुलाने तो व्यवहार थांबवला, जाण्याचा विचार मात्र नाही. माग गहाण टाकायचे नाहीत, एवढ्या अटीवर वडील तयार आहेत. आईचा होकार अजून मिळालेला नाही. पुढच्या वेळी त्या एकट्या येणार आहेत.